मनाचा वाफसा

१९६४ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या जॅक्सन येथील तुरुंगात एका नव्या औषधाची माणसांवरील तपासणी सुरू झाली. कैद्यांवर औषधे तपासून पाहण्याची तिकडे तेव्हा सर्रास पद्धत होती. तिच्यावर निर्बंध आले ते पुढे. कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी १९६२ साली हे औषध तयार केले होते. मिशिगन विद्यापीठातील एडवर्ड डोमिनो आणि गुंटर कॉर्सन हे डॉक्टर तपासणी करीत होते. औषध भूल देण्याचे होते, पण ही भूल मोठी चमत्कारिक होती. डोळे उघडे, श्वास व्यवस्थित, नाडी ठणठणीत. आणि तरीही टोचलेले कळत नसे. भानावर आल्यावर कोणी सांगे, मी अंतराळात तरंगत होतो. कोणी सांगे, मला हातपाय असल्याचेच जाणवत नव्हते.

या अवस्थेला म्हणायचे काय? डोमिनो यांनी घरी पत्नीपाशी हा विषय काढला. माणसे भोवतालापासून तुटल्यासारखी होतात, असे त्यांनी वर्णन केले. त्यावरून पत्नीने शब्द सुचवला, 'डिसोसिएटिव्ह' भूल. म्हणजे माणसाला त्याच्या देहापासून आणि परिसरापासून विलग करणारी भूल. वैद्यकाच्या पुस्तकांत तोच शब्द रूढ झाला. त्या औषधाचे नाव केटामीन.

हे भुलेचे औषध आज मनाच्या दुखण्यांवर वापरले जात आहे. कोणत्याही गोळीला दाद न देणारे नैराश्य, युद्धात किंवा अत्याचारात मनावर झालेले आघात, दारूचे व्यसन अशा विकारांवर अमेरिका, युरोप आणि आता काही प्रमाणात भारतातही त्याचा प्रयोग होतो. त्यातले काही डॉक्टर आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतात. नुसते औषध देऊन भागत नाही. त्याच्या जोडीला सायकोथेरपी, म्हणजे बोलण्यातून होणारा मानसोपचार हवा. औषध दार उघडते, आत जाऊन घर आवरण्याचे काम रुग्णाने आणि त्याच्यासोबत बसणाऱ्याने करायचे असते.

हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. मनाचे दुखणे गोळीने बरे होते की बोलण्याने, हा वाद आपल्या घरांतूनही चालतो. कोणी म्हणते, "डॉक्टरकडे ने, औषध सुरू कर." कोणी म्हणते, "औषधाने काय होणार, तिच्याशी कोणीतरी नीट बोलायला हवे." केटामीनच्या साठ वर्षांच्या कहाणीने या दोघांनाही थोडे बरोबर आणि थोडे चूक ठरवले आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरून

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० साली केटामीनला भुलेसाठी मान्यता दिली. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा सुरू होते, आणि रणभूमीवरील जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले. त्याचा मोठा गुण म्हणजे नेहमीच्या मात्रेत ते श्वास सहसा मंदावू देत नाही, रक्तदाब पाडत नाही. त्यामुळे जिथे कृत्रिम श्वासाचे यंत्र नाही, प्राणवायूची खात्री नाही, तिथेही ते देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला, तो याच कारणाने. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांतून आणि शस्त्रक्रिया शिबिरांतून जुन्या भूलतज्ज्ञांनी हे औषध वर्षानुवर्षे हाताळले आहे.

ही भूल उतरताना काही रुग्ण बडबडतात, दचकतात, भलभलती स्वप्ने पडल्याचे सांगतात. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने ही एक कटकटच. ती टाळण्यासाठी तो जोडीला झोपेचे औषध देतो. भूलतज्ज्ञाला जो उपद्रव वाटला, तोच पुढे काही मनोविकारतज्ज्ञांना उपयोगाचा वाटला. माणूस स्वतःपासून थोडा दूर जातो, स्वतःच्याच आयुष्याकडे बाहेरून पाहतो. या अवस्थेत त्याला आपल्या दुःखाकडेही नव्याने पाहता येईल का, असा विचार त्यांनी केला.

इराणमध्ये १९७३ साली १०० मनोरुग्णांवर असे उपचार केल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मेक्सिकोत साल्वादोर रोकेत हा मनोविकारतज्ज्ञ त्याच सुमारास गटागटाने रुग्णांना अशी औषधे देत होता. त्याची रीत मात्र आडदांड होती. भीषण, हिंसक चित्रपट दाखवून तो रुग्णांची मने अक्षरशः ढवळून काढी. पुढे त्याला अटकही झाली. औषधाच्या जोडीला मानसोपचार हवा हे खरे. पण कोणता, कोणाच्या हातचा, कोणत्या मर्यादेत, हे प्रश्न इतके जुने आहेत.

लेनिनग्राडमधला प्रयोग

या दोन्हींची सांगड शिस्तीने घातली ती रशियात. लेनिनग्राड, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये येवगेनी क्रुपित्स्की या मनोविकारतज्ज्ञाने १९८५ साली दारूच्या रुग्णांवर केटामीनचा उपयोग सुरू केला. आधी काही बैठका केवळ बोलण्याच्या होत. दारूने आयुष्यात काय नेले, पुढे काय हवे आहे, हे रुग्णाकडून काढून घेतले जाई. मग एक दिवस औषधाचा. त्या तासाभरात डॉक्टर रुग्णाजवळ थांबत. त्या संध्याकाळी रुग्णाने आपला अनुभव लिहून काढायचा आणि नंतरच्या बैठकीत त्याचा अर्थ सर्वांनी मिळून लावायचा.

१९९७ साली त्यांनी दहा वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला. या पद्धतीने उपचार झालेल्या १११ रुग्णांपैकी ६५.८ टक्के रुग्ण वर्षभर दारूपासून दूर राहिले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या १०० जणांत हे प्रमाण २४ टक्के होते. नंतर हेरॉइनच्या ७० व्यसनींवर त्यांनी वेगळी परीक्षा घेतली. सर्वांना मानसोपचार एकसारखा. मात्र काहींना केटामीनची भरपूर मात्रा आणि काहींना अगदी थोडी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भरपूर मात्रेच्या गटातले अधिक लोक व्यसनापासून दूर राहिलेले आढळले. म्हणजे बोलण्याला औषधाची साथ लागते, हेही त्यातून दिसले. पुढे रशियात या औषधावरचे नियम कडक झाले आणि ते काम थांबले.

चाळीस मिनिटांचे सलाईन

अमेरिकेतला शोध वेगळ्या वाटेने पुढे गेला. तिथल्या शास्त्रज्ञांना स्वप्नांत रस नव्हता; त्यांचे लक्ष मेंदूतल्या रसायनांवर होते. नैराश्यावरच्या प्रचलित गोळ्या मुख्यतः सिरोटोनिनसारख्या द्रव्यांवर काम करतात. त्या गुणकारी आहेत, लाखो घरांना त्यांनी सावरले आहे. पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सर्वांना तो येतोच असे नाही. अमेरिकेत चार हजारांवर रुग्णांच्या पाहणीत पहिल्या गोळीने पूर्ण बरे वाटलेल्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश भरले, असे २००६ साली जाहीर झाले.

केटामीन अडवते ते ग्लुटामेट या दुसऱ्याच द्रव्याचा एक मार्ग. १९९० साली उंदरांवरच्या प्रयोगात असे दिसले होते की, हा मार्ग अडवणारी द्रव्ये नैराश्यावरही चालत असावीत. येल विद्यापीठातील डॉक्टरांनी मग अवघ्या सात रुग्णांना भुलेच्या मात्रेहून पुष्कळ कमी केटामीन चाळीस मिनिटांत सलाईनमधून दिले. काही तासांतच रुग्णांची खिन्नता उतरू लागली. २००० साली हा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील कार्लोस सराते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग पुन्हा केला. अनेक औषधे घेऊन थकलेल्या १७ रुग्णांपैकी ७१ टक्के रुग्णांना दुसऱ्याच दिवशी लक्षणीय आराम पडला होता.

ज्या घरात कोणी महिनोन्महिने अंथरुणाला खिळून, भिंतीकडे तोंड करून पडले आहे, त्या घराला 'दुसऱ्या दिवशी' या दोन शब्दांचे मोल कळेल. आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या माणसाच्या बाबतीत तर सहा आठवडे थांबणे हाच धोका असतो.

मात्र त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. आठवडाभरानंतर आराम टिकलेले रुग्ण होते ३५ टक्के. फ्रान्समध्ये आत्महत्येचे तीव्र विचार येणाऱ्या १५६ रुग्णांवरील अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. केटामीन मिळालेल्या ६३ टक्के रुग्णांच्या मनातून ते विचार तिसऱ्या दिवशी गेले होते. नुसते सलाईन मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के. सहा आठवड्यांनी पाहिले, तर दोन गटांतला फरक फारसा उरला नव्हता. आघातांच्या बाबतीतही हेच. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय संस्थेत आघातोत्तर ताणविकाराच्या ३० जुन्या रुग्णांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, दोन आठवड्यांत सहा वेळा औषध देण्यात आले. २०२१ च्या अहवालानुसार केटामीन मिळालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्णांना गुण आला. तुलनेसाठी दुसरे गुंगीचे औषध दिलेल्यांत २० टक्के. पण गुण आलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांचा तो महिनाभरातच ओसरला.

वाफसा

असे का होते? केटामीन शरीरात फार वेळ राहत नाही; काही तासांत त्याचा बहुतेक अंश निघून जातो. तरी परिणाम काही दिवस टिकतो. म्हणजे औषध जाताना मागे काहीतरी बदल करून जात असले पाहिजे. येलमधील रोनाल्ड डुमन आणि जॉर्ज अघाजानियन यांच्या गटाने २०१० साली उंदरांच्या मेंदूत हा बदल दाखवून दिला. सततच्या ताणाने मेंदूच्या पुढच्या भागातील पेशींना जोडणारे बारीक धुमारे सुकत जातात. केटामीननंतर एका दिवसात तिथे नवे धुमारे फुटू लागले. २०१९ साली दुसऱ्या एका गटाने त्यात भर घातली. उंदरांची वागणूक आधी सुधारते, धुमारे नंतर फुटतात. आणि ते नवे धुमारे मुद्दाम नष्ट केले, तर सुधारणा टिकत नाही. माणसाच्या मेंदूत हेच जसेच्या तसे घडते असे म्हणणे घाईचे होईल, पण दिशा कळते.

शेतकऱ्याच्या भाषेत याला नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, अशा बेताच्या ओलाव्यावर येते. तो वाफसा. तो फार दिवस राहत नाही. तेवढ्यात पेरले तर बी रुजते. हात बांधून बसले तर ऊन पडते, माती पुन्हा टणक होते, आणि उगवलेच काही तर तण. केटामीन मनाला बहुधा असा वाफसा आणते. पाऊस म्हणजे पीक नव्हे.

म्हणूनच पेरणीचा प्रश्न येतो. आघात झालेले मन एक गोष्ट सतत करीत असते. ते त्या आठवणीला टाळते. ज्या रस्त्यावर अपघात झाला तो रस्ता, ज्या माणसाने अत्याचार केला त्याच्यासारखा आवाज, फटाक्यांचा बार, सगळे टाळत टाळत जग लहान होत जाते. त्यावरचा चांगला मानसोपचार हळूहळू त्या आठवणीकडे पाहायला शिकवतो. पण पाहू लागताच भीतीचा असा लोंढा येतो, की पुष्कळ रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतात. नैराश्यातले मन दुसऱ्या तऱ्हेने बंद असते. 'माझ्याच्याने काही होणार नाही' हे त्याने इतक्यांदा म्हटलेले असते, की समुपदेशकाचे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. केटामीननंतरच्या काही दिवसांत भीतीची धार बोथट झालेली असते, 'काही होणार नाही' हे वाक्य थोडे सैल झालेले असते. बोलायचे ते तेव्हाच बोलावे, असा या उपचारामागचा विचार आहे.

खोलीत काय घडते

अमेरिकेतील ज्या दवाखान्यांत ही जोड दिली जाते, तिथली रीत साधारण अशी. आधी तपासणी. रक्तदाब फार वाढलेला नाही ना, हृदयविकार, भ्रमाचा आजार, पूर्वीचे व्यसन नाही ना, हे पाहिले जाते. मग एक-दोन बैठका फक्त ओळखीच्या. काय त्रास आहे, कशाची भीती वाटते, औषधाच्या अमलात घाबरायला झाले तर काय करायचे, हात धरलेला चालेल का, हे सारे आधीच ठरते. हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. अर्धवट शुद्धीत असलेला माणूस सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो, आणि सहज कोणाच्याही प्रभावाखाली येऊ शकतो.

औषधाच्या दिवशी रुग्ण आरामखुर्चीत किंवा पलंगावर पडतो. डोळ्यांवर पट्टी, कानांवर शब्द नसलेले संगीत. औषध सलाईनमधून, स्नायूत टोचून किंवा जिभेखाली विरघळणाऱ्या वडीतून दिले जाते. पुढचा तासभर उपचारक जवळ बसून असतो. बहुतेक वेळ तो काहीही बोलत नाही. रुग्णाला देह हलका झाल्यासारखे वाटते, वेळेचे भान सुटते. जुने प्रसंग कधी डोळ्यांपुढे येतात, कधी नुसते रंग आणि आकार. कोणाला रडू येते, कोणाला मळमळते. अंमल उतरू लागला की शब्द परत येतात. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, घरच्या कोणाच्या सोबतीने परतायचे.

खरे काम त्यानंतरच्या दिवसांतले. काय पाहिले, त्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, उद्यापासून कोणती एक गोष्ट वेगळी करायची, यावर बोलणे होते. सकाळी उठून फिरायला जाणे, तुटलेल्या बहिणीला फोन करणे, टाळलेल्या रस्त्याने एकदा जाणे, असे साधे संकल्प. ऐकायला ते किरकोळ वाटतात. नैराश्यातून गेलेल्याला ते किती अवघड असतात, हे ठाऊक असते.

पुराव्याची बाजू

आता सरळ प्रश्न. या जोडीने गुण अधिक टिकतो, हे सिद्ध झाले आहे का? उत्तर असे की, आशा वाटावी एवढा पुरावा आहे. छातीठोकपणे सांगावे एवढा नाही. येलमध्ये सॅम्युअल विल्किन्सन यांनी केटामीनने बरे वाटलेल्या २८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींना पुढे विचार-वर्तन उपचार दिला. २०२१ च्या त्या अहवालात उपचार मिळालेल्यांची सुधारणा अधिक टिकण्याकडे कल दिसला. पण २८ ही संख्या लहानच. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या सेलिया मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी दारूच्या ९६ रुग्णांवर काम केले. २०२२ साली त्यांनी सांगितले की, सहा महिन्यांत दारूशिवाय गेलेल्या दिवसांतला सर्वांत मोठा फरक केटामीन आणि मानसोपचार ही दोन्ही मिळालेल्यांत आणि दोन्ही न मिळालेल्यांत होता.

उलट बाजूचे पुरावेही आहेत. अमेरिकेच्या १५८ आजी-माजी सैनिकांवरील मोठ्या प्रयोगात केटामीनने नैराश्य कमी झाले, पण आघाताच्या लक्षणांवर अपेक्षित फरक पडला नाही, असे २०२२ साली दिसले. सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग स्टॅनफर्डचा. नैराश्य असलेल्या ४० रुग्णांची काही ना काही शस्त्रक्रिया व्हायची होती. ते पूर्ण भुलेखाली असताना काहींना केटामीन दिले, काहींना नुसते सलाईन. आपल्याला काय मिळाले, हे कोणालाच कळण्याची सोय नव्हती. २०२३ मध्ये निष्कर्ष आला. दोन्ही गटांतल्या रुग्णांना बरेच बरे वाटले, आणि दोहोंत फरक नव्हता! ज्यांना गुण आला, त्यांतल्या पुष्कळांची आपल्याला केटामीनच मिळाले अशी समजूत होती.

याचा अर्थ औषध खोटे आहे असा काही जण लावतात. तो पुरता बरोबर नाही. अमित आनंद यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकेतील अभ्यासात, २०२३ साली, चारशेवर रुग्णांत केटामीनची तुलना विजेच्या उपचारांशी केली गेली. केटामीनने ५५ टक्के, तर विजेच्या उपचारांनी ४१ टक्के रुग्णांना गुण आला. एवढा गुण हवेतून येत नाही. तरी स्टॅनफर्डचा धडा विसरता येणार नाही. आशा, काळजी घेणारी माणसे, 'आता तरी काहीतरी होईल' ही भावना याही उपचाराच्या भाग आहेत. मानसोपचारवाले तर शंभर वर्षे हेच सांगत आले आहेत.

बाजार आणि विळखा

२०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेने केटामीनच्याच कुळातील एस्केटामीन या नाकात फवारायच्या औषधाला हट्टी नैराश्यासाठी मान्यता दिली. ते दवाखान्यातच घ्यायचे आणि किमान दोन तास देखरेखीखाली थांबायचे, अशी अट आहे. मानसोपचाराची अट मात्र नाही. मूळ केटामीनला मनोविकारांसाठी तिथे मान्यताच नाही. डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर देतात. तरीही शेकडो खासगी केंद्रे निघाली. कोरोनाच्या काळात तर पडद्यावर चार शब्द बोलून घरपोच वड्या पाठवणारे धंदेही उभे राहिले. सरकारला २०२३ साली त्याविरुद्ध सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. वाफसा आणून देणारे पुष्कळ, पेरणीला थांबणारे थोडे, अशी ही गत.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला 'फ्रेंड्स' मालिकेतील अभिनेता मॅथ्यू पेरी वयाच्या ५४ व्या वर्षी आपल्या घरी मृतावस्थेत सापडला. नैराश्य आणि चिंतेसाठी तो दवाखान्यात केटामीन घेत होता. पण तपासात आढळले की, शेवटचा उपचार होऊन आठवडा उलटला होता. शरीरातले औषध त्या उपचाराचे नव्हते. ते त्याने चोरवाटेने मिळवले होते. दोन डॉक्टरांसह पाच जणांवर २०२४ साली आरोप ठेवले गेले, आणि पुढे पाचही जणांनी गुन्हा कबूल केला. ज्या औषधाने दुःखापासून तासभर सुटका होते, त्या सुटकेचीच चटक लागू शकते. वारंवार, मोठ्या प्रमाणात केटामीन घेणाऱ्यांचे मूत्राशय आक्रसून जाते, लघवीतून रक्त जाते. काहींचे मूत्राशय काढून टाकावे लागते. २००७ पासून हा विकार वैद्यकाला चांगलाच परिचित आहे.

भारतात २०११ साली केटामीनचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्यात झाला, आणि २०१३ साली ते सर्वांत कडक नियंत्रणाच्या औषधांत घालण्यात आले. इथून परदेशी होणारी तस्करी हे त्याचे एक कारण होते. ते दुकानातून सहज विकत घेण्याचे औषध नाही, आणि तसे असताही कामा नये. आपल्याकडचे मनोविकारतज्ज्ञ ते वापरतात, ते निवडक रुग्णांसाठी, भूलतज्ज्ञाच्या मदतीने.

तरी खरी अडचण आपल्याकडे औषधाची नाहीच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्याचा विकार होतो, आणि बहुसंख्य रुग्णांपर्यंत कोणताही उपचार पोहोचत नाही. मनोविकारतज्ज्ञ थोडे, प्रशिक्षित मानसोपचारक त्याहून थोडे. पंधरा मिनिटांत चिठ्ठी लिहून पुढच्या रुग्णाला बोलवावे लागते, तिथे महिनाभर शेजारी बसणार कोण? सलाईनची बाटली विकत आणता येते. ऐकून घेणारे माणूस घडवायला वर्षे लागतात. उद्या हे उपचार आपल्या गावोगावी आलेच, तर त्यातला स्वस्त आणि सोपा अर्धा भाग येईल आणि कष्टाचा अर्धा भाग मागे राहील, ही भीती अनाठायी नाही.

ज्यांच्या घरी असे दुखणे आहे, त्यांनी या लेखातून एवढेच घ्यावे. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्या लागू पडत नसतील तर मनोविकारतज्ज्ञाला तसे स्पष्ट सांगावे, कारण पुढचे मार्ग आहेत. कोणताही नवा उपचार सुचवला गेला तर दोन प्रश्न जरूर विचारावेत. याचा गुण किती दिवस टिकेल, आणि त्या दिवसांत आम्ही काय करायचे? जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलत असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

आणि समजा, औषधाने म्हणा, मानसोपचाराने म्हणा, घरातले मिटून गेलेले माणूस एके सकाळी उठून स्वतःहून चहा मागू लागले, तर 'झाले एकदाचे बरे' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या कामाला लागू नये. ते बरे वाटणे म्हणजे वाफसा असतो. त्याच्याजवळ बसायला हवे, त्याला फिरायला न्यायला हवे, त्याचे ऐकायला हवे, ते नेमके त्याच दिवसांत.